जान किंवा जमीन : सेनापती बापट आणि मुळशीचे पाणी

आमच्या रोह्याच्या बाजूला कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहते. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटू लागतात, विहिरी तळ गाठतात आणि बायाबापड्या हंडे-कळशा घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. कुंडलिका मात्र भर वैशाखातही वाहती. लहानपणी आम्हाला याचा मोठा अभिमान वाटायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून पाहुणे आले की त्यांना नदीवर नेऊन आम्ही मिरवत असू. एकदा मी अब्बांना विचारले, "हे पाणी येते तरी कुठून?" ते म्हणाले, "भिऱ्याहून. वर घाटावर टाटांचे धरण आहे, त्याचे." मग जरा थांबून म्हणाले, "अल्लाहची देन आहे. पण कुणाच्या तरी शेतावरून आलेय, एवढे ध्यानात ठेव."

ते शेत कुणाचे, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. घाटमाथ्यावरच्या ज्या खोऱ्यातून हे पाणी आमच्याकडे उतरते, त्या खोऱ्यासाठी एक माणूस सात वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला होता. त्याने चोरी केली नव्हती, त्याच्यावरचा खटला खुनाचाही नव्हता. धरणाचे काम थांबावे म्हणून त्याने बांधकामाची आगगाडी अडवली होती. त्या माणसाचे नाव पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती म्हणतात.

आज सेनापती बापट हे नाव मुंबईत आणि पुण्यात रस्त्यांच्या पाटीवर आहे. मुंबईतला सेनापती बापट मार्ग म्हणजे जुना तुळशी पाइप रोड. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या जलवाहिनीवरून त्याला हे नाव पडले आणि जुनी माणसे अजूनही तेच वापरतात. धरणाच्या पाण्याविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव पाण्याच्या नळावरून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याला मिळाले, हा केवळ योगायोग. पण त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना मुळशी ठाऊक असेल?

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच ते क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढले गेले. पुढे मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते इंजिनिअरिंग शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. इंग्रज सरकारच्या राज्यात एका गरीब ब्राह्मण मुलाला याहून मोठी संधी ती कोणती? परत येऊन त्याने साहेबी नोकरी धरली असती, पूल आणि धरणे बांधली असती, आणि सुखाने पेन्शन खाल्ली असती.

झाले वेगळेच. इंग्रजी राज्याचे वाभाडे काढणाऱ्या लेखन-भाषणांमुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनमधील श्यामजी कृष्ण वर्मांच्या इंडिया हाऊसशी त्यांचा संबंध आला. तेथून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले. त्या काळी रशियातील झारशाहीविरुद्ध लढणारे अनेक क्रांतिकारक पॅरिसमध्ये आश्रयाला होते आणि ही विद्या त्यांच्याकडून मिळत होती.

या प्रसंगातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पॅरिसमध्ये ही विद्या शिकणाऱ्या हिंदी तरुणांत तीन नावे घेतली जातात. एक पारनेरचे बापट, दुसरे बंगालचे हेमचंद्र दास, आणि तिसरे मिर्झा अब्बास. बापटांच्या नावाचे रस्ते झाले. हेमचंद्र अलीपूर बॉम्ब खटल्यात शिक्षा होऊन अंदमानला गेले, त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली. मिर्झा अब्बास मात्र बहुतेक पुस्तकांत एका ओळीत येतात आणि त्याच ओळीत संपतात. क्रांतिकारकांच्या इतिहासात मुसलमान कुठे होते, असा प्रश्न आपल्याला अधूनमधून विचारला जातो. त्याचे एक उत्तर या एका ओळीत आहे. ते तिथेच होते. ओळ पुढे लिहिली गेली नाही, एवढेच.

बापट १९०८ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, अलीपूरचा खटला उभा राहिला आणि माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले. पुढची काही वर्षे ते भूमिगत होते. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण भक्कम पुरावा मिळाला नाही म्हणून सुटले.

हातातला झाडू

इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकातल्या कुठल्याही क्रांतिकारकाची वाटेल. बापट वेगळे ठरतात ते यानंतर. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी गावातले रस्ते झाडायला सुरुवात केली. पहाटे उठायचे, झाडू घ्यायचा आणि गल्ल्या साफ करायच्या. गावातला मैला-कचरा उचलणे हे त्या काळी विशिष्ट जातींच्या माथी मारलेले काम. ब्राह्मणाने ते करणे म्हणजे जातीला सोडचिठ्ठी देण्यासारखेच. मुलाच्या बारशाच्या वेळी त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची बसवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईतल्या झाडूवाल्यांच्या संपातही ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंदमानातल्या राजबंद्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम चालवली.

उपजीविकेसाठी त्यांनी पुण्यात 'चित्रमयजगत', 'मराठा' अशा पत्रांत काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कचेरीतही काही काळ काढला. १९२० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. वयाची चाळिशी आली होती. बॉम्बची विद्या मागे पडली होती, हातात झाडू होता. अशा वेळी मुळशीची हाक आली.

आंबेमोहराचे खोरे

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळा आणि नीला या नद्यांचे खोरे आहे. त्या काळी त्या भागाला मुळशी पेटा म्हणत. पाऊस धो धो. खाचरांत आंबेमोहर भात पिकायचा आणि त्याचा घमघमाट पुण्याच्या बाजारापर्यंत पोचायचा. शेतकरी बहुतेक मावळे, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांच्या बळावर शिवाजी महाराजांनी स्वराज्य उभारले, त्या मावळ्यांचे वंशज. पण पूर्वजांचा पराक्रम सावकाराच्या वहीत जमा होत नाही. अनेकांच्या जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या, आणि पुष्कळ जण आपल्याच वाडवडिलांच्या शेतात कुळ म्हणून राबत होते.

या खोऱ्यावर टाटा कंपनीची नजर गेली. यामागचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण इथे कोणी खलनायक नाही. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत होत्या. कोळसा दूरवरून आणावा लागे, महाग पडे, आणि शहरावर धुराचे छप्पर धरे. घाटमाथ्यावर अफाट पाऊस पडतो. ते पाणी अडवून बोगद्यातून आणि नळांतून कोकणात सोडले, तर सुमारे ५०० मीटरच्या उतारावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर वीज तयार करता येते. जमशेटजी टाटांच्या स्वप्नांपैकी हे एक. त्यांच्या पश्चात ते प्रत्यक्षात आले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे. तिसरे मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला व्हायचे होते.

म्हणजे धुराच्या हिशेबाने पाहिले तर टाटाच पर्यावरणाच्या बाजूचे ठरतात. आजच्या भाषेत ही 'स्वच्छ ऊर्जा'. शिवाय कंपनी हिंदी मालकीची. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या पुण्याच्या पुढाऱ्यांपुढे यामुळेच पेच पडला. परकी कंपनी असती तर प्रश्न सोपा होता. पण देशी भांडवलदार देशाच्या प्रगतीसाठी देशी शेतकऱ्याची जमीन घेतो आणि ती घेण्यासाठी इंग्रजी सरकारचा कायदा वापरतो, तेव्हा देशभक्ताने कोणत्या बाजूला उभे राहायचे?

कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक हितासाठी, आणि कंपन्यांसाठीसुद्धा, सरकारला जमीन सक्तीने घेता येत होती. मालकाला पैसे मिळतील, नकार मात्र देता येणार नाही. पन्नासच्या घरात गावे आणि सुमारे ११ हजार माणसे यात सापडली. कंपनीची माणसे आधी आली ती परवानगी न विचारता. शेतांत चाचणीचे चर खणले गेले. आपल्या भाताच्या खाचरात परका माणूस कुदळ चालवतो, हे पाहून शेतकरी खवळले.

रामनवमीचा दिवस

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. त्या दिवशी सुमारे १२०० माणसे धरणाच्या जागेवर जाऊन बसली. बाप्ये होते, बाया होत्या, पोरे होती. काम थांबले. असहकाराच्या चळवळीचे ते दिवस. सत्याग्रह हा शब्द देशाच्या तोंडी नवा होता. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते, 'केसरी'चे न. चिं. केळकर पाठीशी होते. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे या सत्याग्रहासाठी पुढे तुरुंगात गेले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना आवाहन केले की, कायद्याच्या जोरावर न जाता लोकांशी बोलावे. कंपनीने काम सहा महिने थांबवायचे कबूल केले. पहिली फेरी मावळ्यांनी जिंकली, असे वाटले.

या लढ्याची घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. तीन शब्दांची ही घोषणा मला फार बोलकी वाटते. जान फारसी, जमीन फारसी, मध्ये 'किंवा' मराठी. शिवकाळाच्या आधीपासून हे शब्द या मातीत मुरले होते. मावळ्याला आपण परकी भाषा बोलतो आहोत असे क्षणभरही वाटले नसेल. आणखी गंमत अशी की त्याच्याविरुद्ध वापरले गेलेले शब्दही त्याच घराण्यातले: कायदा, मालक, हक्क, वकील, जप्ती. जमीन घेणाऱ्याचे आणि जमीन धरून ठेवणाऱ्याचे भांडण एकाच शब्दसंग्रहात चालले होते. भाषेला धर्म चिकटवू पाहणाऱ्यांनी मुळशीच्या या घोषणेकडे जरूर पाहावे.

सहा महिन्यांची मुदत संपली आणि १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. या वेळी सरकार तयारीत होते. माणसे बसायची, पोलीस उचलून न्यायचे, न्यायाधीश शिक्षा सुनावायचे. बापट या काळात लढ्याच्या अग्रभागी आले, तुरुंगात जाऊन आले, पुन्हा गेले. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्यातच मिळाली. हे सैन्य बिनहत्यारी होते आणि त्याचा सेनापती रस्ते झाडणारा होता.

बाजू कशी फुटली

हा लढा बाहेरून मोडला त्यापेक्षा आतून अधिक मोडला. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांचे मराठी पुस्तक १९९४ मध्ये आले आणि २००९ मध्ये ते इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. लढ्यामागे उभ्या असलेल्या वर्गांचे हितसंबंध एक नव्हते, हे या अभ्यासातून दिसते.

जमीन ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. कायद्याचा हिशेब इतका सरळ होता. पण मुळशीत जमीन एकाच्या नावावर आणि नांगर दुसऱ्याच्या हातात, अशी स्थिती जागोजाग होती. सावकाराला आणि गैरहजर जमीनमालकाला जमीन म्हणजे रक्कम. मोबदला वाढवून मिळाला की त्याचे काम झाले. कुळाला जमीन म्हणजे भाकरी. वाढीव मोबदल्याने त्याच्या पदरात काहीच पडणार नव्हते, कारण कागदावर त्याचे नाव नव्हते. लढ्याचे काही पाठीराखे पुण्याचे पांढरपेशे होते, आणि काही सावकारही पुण्याचेच होते. भाव वाढत गेला तसा विरोधाचा सूर बदलत गेला. 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्यांच्या शेजारी 'जमीन किंवा बरी किंमत' म्हणणारे उभे राहिले. हळूहळू पैसे उचलले जाऊ लागले. शेवटी मोबदला मिळाला तो मालकांना. कुळांच्या वाट्याला विस्थापन आले.

हे वाचताना मला नेहमी आपल्याकडच्या जमातींचे, पंचांचे आणि पुढाऱ्यांचे व्यवहार आठवतात. ज्याच्या नावाने भांडण उभे राहते तो, आणि ज्याच्याशी तडजोड होते तो, हे दोघे पुष्कळदा वेगळे असतात. कुठलाही समाज यातून सुटलेला नाही.

९ डिसेंबर १९२४

१९२४ च्या अखेरीस लढा जवळजवळ विझला होता. बसण्याने काम थांबत नव्हते. तुरुंगात जाण्याने थांबत नव्हते. धरणाची भिंत वर चढत होती. बापटांनी तेव्हा एक निर्णय घेतला. ९ डिसेंबर १९२४ रोजी ते मोजक्या साथीदारांसह बांधकामाच्या रेल्वेमार्गावर गेले. रुळांवर दगड रचून त्यांनी मजुरांना घेऊन येणारी गाडी अडवली. या वेळी त्यांच्या हाती शस्त्र होते, पिस्तूल होते. काम करणाऱ्यांना धाक घालून परतवावे, एवढाच आता मार्ग उरला आहे, असे त्यांना वाटले होते.

यानंतर ते पळाले नाहीत. डोंगर जवळ होते, रान दाट होते, भूमिगत राहण्याचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होणे पसंत केले. खटला झाला आणि सात वर्षांची शिक्षा झाली.

बापट आपल्या मार्गाला 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. त्यांच्या मते सत्याचा आग्रह ही मुख्य गोष्ट. अहिंसा हे त्याचे साधन असू शकते, पण ती एकमेव अट नव्हे. जे करायचे ते उघड करावे आणि त्याची शिक्षा आपल्या अंगावर घ्यावी. गांधीजींच्या चौकटीत हे बसणारे नव्हतेच. अहिंसेला बाजूला सारले की सत्याग्रहाचा प्राणच जातो, हे गांधीजींचे म्हणणे.

मी स्वतः या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. बापटांबद्दल कितीही आदर असला तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या गाडीत कंपनीचे मालक नव्हते. त्या गाडीत मजूर होते, पोटासाठी दगड-माती वाहणारे. कदाचित त्यांच्यातलाही कोणी कुठल्यातरी खोऱ्यातून उठून आलेला असेल. पिस्तुलाचे तोंड ज्याच्याकडे वळले तो त्या अन्यायाचा धनी नव्हता. बापटांसारख्या झाडू हाती घेतलेल्या माणसाला हे कळत नसेल असे मी मानत नाही. पण हताश झालेला लढा आपले लक्ष्य नेहमी नीट निवडू शकत नाही, हा इतिहासाचा जुना धडा आहे. आणि त्या कृतीने धरण थांबले नाही, हेही सत्य आहे.

तरीही बापटांची कृती एका बाबतीत वेगळी राहते. पुढे पन्नास वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेत एडवर्ड ॲबी यांची एक कादंबरी गाजली. तिच्यातली माणसे यंत्रे मोडतात, पूल उडवतात आणि एक मोठे धरण फोडण्याची स्वप्ने पाहतात. तिथून स्फूर्ती घेऊन यंत्रे निकामी करणाऱ्या, विजेच्या तारा तोडणाऱ्या तरुणांचे गट निघाले. त्यांचे काम बहुधा रात्री चाले, आणि पकडले न जाणे हा त्यांचा पहिला नियम असे. बापटांचा पहिला नियम नेमका उलटा होता. तोंड लपवायचे नाही. मोडतोडीचे समर्थन यातून होत नाही, पण माणसाची जात यातून कळते.

तुरुंगाबाहेर

बापट तुरुंगात असताना बाहेरचे जग थांबले नव्हते. त्यांनी गाडी अडवली त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. शहराची विजेची भूक वाढतच होती. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीचे पाणी बोगद्यातून घाट उतरून कोकणात आले. ज्या पाण्यासाठी सेनापतीने तुरुंग पत्करला, ते पाणी वाहू लागले तेव्हा सेनापती गजाआड होता.

१९३१ मध्ये ते सुटले. त्यानंतर लवकरच भाषणावरून राजद्रोहाच्या आरोपात पुन्हा मोठी शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये, हैदराबाद संस्थानातल्या नागरी हक्कांच्या लढ्यात, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, जिथे जिथे लोक रस्त्यावर आले तिथे हा म्हातारा दिसत राहिला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

गोवा झाला, मुंबईसह महाराष्ट्र झाला, देश स्वतंत्र झाला. त्यांच्या आयुष्यातला हरलेला लढा एकच, मुळशीचा. आणि आज जगभरच्या अभ्यासकांना त्यांची आठवण होते ती त्या हरलेल्या लढ्यामुळेच.

दोन खोऱ्यांचा हिशेब

बापटांना कोणी पर्यावरणवादी म्हटले असते तर त्यांना तो शब्द कळला नसता. त्या काळी तो मराठीत नव्हताच. मुळशीच्या शेतकऱ्याने नदी वाचवा, जंगल वाचवा असे म्हटले नाही. तो माझे शेत वाचवा म्हणाला. पण आपल्याकडे पर्यावरणाचा प्रश्न मुळात असाच असतो. आधी कुणाच्या तरी ताटातली भाकरी जाते, नदी आणि जंगल गेल्याचे नंतर लक्षात येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस नर्मदेच्या खोऱ्यात तेच घडले. डुबणारे आदिवासी आणि शेतकरी तेच प्रश्न विचारत होते, जे मावळ्यांनी १९२१ मध्ये विचारले होते. सार्वजनिक हित म्हणजे कुणाचे हित? त्याची किंमत कोणी ठरवायची? आणि ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे काय?

या प्रश्नांना कायद्याने उत्तर द्यायला फार वेळ घेतला. ज्या १८९४ च्या कायद्याने मुळशी घेतली गेली, तो स्वातंत्र्यानंतरही साडेसहा दशके तसाच राबवला गेला. २०१३ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात प्रथमच जमीन कसणारी कुळे, वाटेकरी आणि शेतमजूर यांना बाधित कुटुंब म्हणून कायद्याने ओळखले. मुळशीच्या कुळाला हवे होते ते एवढेच. त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या काळात ते कागदावर आले. कागदावरून शेतावर किती उतरते, हा पुढचा प्रश्न.

आता पुन्हा कुंडलिकेकडे. भिऱ्याच्या वीजघरातून बाहेर पडलेले पाणी आमच्या नदीत येते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी रोहा, माणगावच्या शेतांत खेळवले जाते. त्या पाण्यावर आमच्याकडे उन्हाळ्यातही भात पिकतो. धाटावचे कारखाने उभे राहिले. कोलाडला हौशी मंडळी रबरी होड्यांतून नदीच्या लाटांवर मजा करायला येतात. या भागातली मुसलमान कुटुंबे, कुणबी, आगरी, आदिवासी, सगळेच या पाण्यावर जगले, वाढले. वरचा भात बुडाला आणि खालचा भात पिकला. वरचा आंबेमोहर गेला, तेव्हा आमच्या ताटात दुसऱ्या पिकाचा घास आला.

यात आमचा दोष नाही, हे खरे. आम्ही ते पाणी मागितले नव्हते. पण दोष नसला म्हणून देणे संपत नाही. आपल्या दीनात हक्कुल इबाद, म्हणजे बंद्यांचे बंद्यांवरचे हक्क, यांचे महत्त्व सांगितले आहे. ज्याचा हक्क बुडाला त्याने माफ केल्याशिवाय तो बोजा उतरत नाही, असे लहानपणी मदरशात शिकवत. मुळशीचा जो कुळ रिकाम्या हाताने खोऱ्याबाहेर पडला, तो कधीच मातीत मिसळला. त्याच्याकडून माफी घेणे आता शक्य नाही. निदान त्याची आठवण तरी ठेवता येईल, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या खोऱ्यातला माणूस 'जान किंवा जमीन' म्हणत उभा राहील तेव्हा त्याला विकासाचा शत्रू म्हणण्याआधी क्षणभर थांबता येईल.

गेल्या उन्हाळ्यात मी नातवाला घेऊन नदीवर गेलो होतो. भर दुपारी पाणी खळाळत होते. त्याने पाण्यात पाय सोडले आणि मला विचारले, "दादा, हे पाणी येते कुठून?"

मी त्याला भिऱ्याचे नाव सांगितले, मुळशीचे सांगितले. मग बापटांची गोष्ट सांगायला बसलो. मिर्झा अब्बासांचे नाव घ्यायलाही विसरलो नाही.